समुद्रावरची कढई

आमच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या डाव्या हाताला एक फोटो टांगलेला आहे. फोटो म्हणून तो काही चांगला नाही. समुद्राची रेघ एका अंगाला कललेली आहे, उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बोटाचा गुलाबी डाग आला आहे, आणि मधोमध, वाळूवर पडलेल्या एका अवाढव्य काळ्या फ्रायपॅनमध्ये, माझी आई मांडी घालून बसलेली आहे. अंगावर फिकट निळे पातळ. चपला काढून पॅनच्या बाहेर वाळूवर नीट जोडून ठेवलेल्या. आणि आई हसते आहे. तोंडावर पदर नाही, हात नाही, चांगली दात दिसेपर्यंत हसते आहे.

घरी नवीन येणारा माणूस पाण्याचा पेला हातात घेऊन या फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग पुन्हा फोटोकडे. गेलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो दिवाणखान्यात लावायचे, हार घालून लावायचे, ही रीत आपल्याला ठाऊक असते. (आमच्या दिवाणखान्यातही आईचा तसा एक फोटो आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.) पण फ्रायपॅनमध्ये बसलेल्या आईचा फोटो कुणी भिंतीवर लावलेला सहसा दिसत नाही. म्हणून प्रत्येकाला खुलासा करावा लागतो, खुलासा लांबतो आणि चहा निवतो. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी खुलासे करण्याची खोड माहीत आहे. आठवड्याच्या अंकात मिळणाऱ्या दीड कॉलमात मात्र हा मावला नसता. दिवाळी अंकात जरा पाय पसरायला जागा मिळते, तेव्हा आज तो करून टाकतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, २०१४ च्या चैत्रात गेले. ज्या घरातले माणूस गेले त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. आकाशकंदील नाही, रांगोळी नाही, तळण नाही. शेजारीपाजारी आणि नातलग फराळाची ताटे आणून देतात, आणि एरवी कधी आल्या नसतील इतक्या चकल्या त्या दिवाळीला घरात येऊन पडतात. त्या कुणाला खाव्याशा वाटत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हे सारे आईला फार जड जाणार हे आम्हाला दिसत होते. चाळीस वर्षे आमच्या घरचे तळण तिने एकटीने केले होते. तिची ती लोखंडी, बसकी, दोन कानांची कढई वसुबारसेच्या आधी दोन दिवस शेगडीवर चढायची. चकलीचा पहिला घाणा निघाला की त्यातली एक बशीतून अण्णांपुढे जायची. अण्णा ती मोडायचे, मोडताना कानाशी धरून आवाज ऐकायचे आणि ठरलेले वाक्य बोलायचे, "पहिला घाणा कच्चा." आई आतून म्हणायची, "मग खाऊ नका." अण्णा खायचे. या संवादात दोघांनाही कधी एका शब्दाचा फरक करावासा वाटला नाही.

अण्णा गेल्यावर आई फारशी रडली नाही. ती घड्या घालू लागली. सहा महिन्यांत घरातले प्रत्येक कापड तिने निदान दोनदा उलगडून पुन्हा घडी करून ठेवले असेल. बोलणे कामापुरते, आणि त्यात अण्णांचे नाव तर कधीच नाही. माझी थोरली बहीण सिडनीला असते. तिने फोनवरून फर्मान काढले, "दिवाळीत आईला त्या घरात ठेवू नकोस. इकडे घेऊन ये. मुलीच्या घरी यायला कसली आलीय अडचण?" माझ्या कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. सौ. आणि चिरंजीव मागे राहिले, कारण मराठीच्या प्राध्यापकाने चार विमानतिकिटे काढायची म्हणजे त्याला आधी दुसरा विषय शिकवायला घ्यावा लागेल.

सिडनीच्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांची कसून चौकशी होते. काय काय आणले आहे ते कागदावर लिहून द्यावे लागते. आमच्या पुढच्या कुटुंबाच्या पेटीतून लाडवांचे डबे एकामागून एक निघत होते आणि अधिकारी प्रत्येकाचे झाकण उघडून बघत होता. आमची पाळी आली. खाण्याचे काही आहे का, असे त्याने विचारले. आई म्हणाली, "सांग त्याला, यंदा काही केलेलं नाही." मी "नो फूड" एवढेच सांगितले.

ताईनेही घरी काही तळले नव्हते. पॅरामाटाजवळ हॅरिस पार्क नावाचा भाग आहे, तिथे ओळीने आपल्या लोकांची दुकाने आहेत. तिथून तिने शेव-चिवडा आणून ठेवला होता. लक्ष्मीपूजन झाले. पाडवा झाला, त्या दिवशी आईने ताईच्या घरातली सगळी कपाटे काढली. शनिवारी भाऊबीजेला ताईने मला ओवाळले तेव्हा आई आतल्या खोलीत भाचीच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करीत होती.

आता त्या फ्रायपॅनकडे येतो.

सिडनीला समुद्रकाठी शिल्पांचे एक प्रदर्शन भरते. त्याचे नाव ‘स्कल्प्चर बाय द सी’. १९९७ साली डेव्हिड हँडली नावाच्या गृहस्थाने ते सुरू केले, आणि मधली महासाथीची दोन वर्षे सोडली तर दर वर्षी ते भरत आले आहे. हे हँडली पूर्वी प्राग शहरात राहत होते. तिकडे क्लेनोवा या जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींतून मांडलेली शिल्पे त्यांनी पाहिली, आणि उघड्यावर मांडलेल्या शिल्पांची कल्पना त्यांच्या डोक्यात घर करून बसली. सिडनीत किल्ला नव्हता, समुद्र होता. बाँडायच्या प्रसिद्ध किनाऱ्यापासून टॅमरॅमा नावाच्या लहानशा किनाऱ्यापर्यंत कड्याच्या काठाकाठाने कोसभरापेक्षाही थोडी कमी, दोनेक किलोमीटरची पायवाट आहे. वसंतात, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, या वाटेवर आणि वाळूवर शंभराहून अधिक शिल्पे मांडतात. तिकीट नाही, दार नाही. शिल्प पाहायला म्हणून कुणी येतो, पळायला आलेला कुणी शिल्प बघून थबकतो, आणि कुत्रे त्याच्या पद्धतीने रसग्रहण करून जाते.

२०१४ साली हे प्रदर्शन २३ ऑक्टोबरला उघडले. म्हणजे आपले लक्ष्मीपूजन आणि त्यांचे उद्घाटन एकाच दिवशी. त्या वर्षी टॅमरॅमाच्या वाळूवर अँड्र्यू हँकिन या कलावंताने एक प्रचंड फ्रायपॅन ठेवला होता. काळा, गोल, उथळ, लांब दांड्याचा; आत चार-सहा माणसे सहज पाय पसरून लोळतील एवढा. शिल्पाचे नाव होते ‘वुई आर फ्रायिन आउट हिअर’, म्हणजे ‘आम्ही इथे तळले जातोय’. तिकडच्या लोकांना उन्हात तासन् तास पडून राहण्याची हौस. त्या उन्हाची किंमतही त्यांना मोजावी लागते. दर तिघांपैकी निदान दोघा ऑस्ट्रेलियनांना सत्तरीच्या आत कुठल्या ना कुठल्या प्रकारचा त्वचेचा कर्करोग होतो, असे तिथले डॉक्टर सांगतात. १९८१ सालापासून अंगात सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला अशी गाणी म्हणून सरकार आणि संस्था लोकांना विनवीत आहेत. हँकिनने गाणे म्हटले नाही. त्याने पॅन आणून ठेवला, आणि लोक आपण होऊन त्यात आडवे झाले. उपदेश करावा तर असा! वर्गात पंचेचाळीस मिनिटे घसा कोरडा करणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसाचा हेवा वाटला.

टॅमरॅमाची जागाही अशा चेष्टेला साजेशी आहे. १९०६ ते १९११ या काळात तिथे ‘वंडरलँड सिटी’ नावाचे मोठे मनोरंजन-उद्यान होते. त्याच्या मालकाने किनाऱ्याला कुंपण घातले आणि पोहणाऱ्यांशी भांडण ओढवून घेतले. आता कुंपण नाही, उद्यान नाही. दोन कड्यांच्या मध्ये ओंजळीएवढी वाळू आणि फार फसवे पाणी, एवढेच उरले आहे.

पॅनचे चित्र भाचीने कुठेतरी पाहिले आणि ती मागे लागली. मीही लागलो, पण माझे कारण वेगळे होते. त्या दिवसांत मला फोटोग्राफीचा नाद होता. हप्त्यांवर कॅमेरा घेतला होता, दोन भिंगे होती, आणि ती अदलाबदल करताना आपण काहीतरी गंभीर काम करीत आहोत असे वाटायचे. माझे म्हणणे असे की शिल्पाचा फोटो घ्यायचा तर शिल्पाचा घ्यावा. त्यात टोप्या, टॉवेल आणि माणसांचे पाय कशाला? पॅन रिकामा पाहिजे, पलीकडे कडा, वर आकाश. आणि पॅन रिकामा सापडायचा तर उजाडता गेले पाहिजे.

तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ताईच्या घरी पहाटे चारला दिवे लागले. मेव्हणे दात घासता घासता म्हणाले, "नरकचतुर्दशीला उठलो नाही, त्याचं आज उट्टं निघतंय." आईला मी म्हटले, तू झोप. ती म्हणाली, "एकटी घरात बसून काय करू? येते." डबा भरायला तीच सगळ्यांच्या आधी उठली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. आणि इथेच माझा पहिला घोटाळा झाला. अण्णांनी मला लहानपणी फोटोचा एकच नियम शिकवला होता: सूर्य पाठीशी ठेवावा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा नियम सकाळी आपोआप पाळला जातो. समुद्राकडे तोंड केले की सूर्य पाठीशीच असतो. तो संध्याकाळी समुद्रात बुडतो. तिकडे तो समुद्रातून उगवतो. पॅनच्या मागे समुद्र घ्यावा म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला तर सूर्य थेट भिंगात, आणि पॅनच्या जागी नुसते काळे भोक. जागा बदलून बाजूने आलो, मागे कडा घेतला. मग कॅमेऱ्याने दुसरी खोडी काढली. भोवतीच्या लख्ख वाळूचा अंदाज घेऊन तो उजेड कमी करायचा, आणि आधीच काळा असलेला पॅन कोळसा व्हायचा. जवळ जाऊन पॅनने चौकट भरली तर तोच कॅमेरा उजेड वाढवायचा आणि पॅन राखाडी दिसायचा. काळ्या वस्तूला काळेच पण आकारासकट दाखवणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्याला सांगायला नको. गुडघे टेकून, पोटावर पडून, वाळू खाऊन मी अखेर ते जमवले. पण तेवढ्यात एक तरुण पळत आला आणि पॅनमध्ये पालथा पडून राहिला. तो उठला तर दोन बायका आल्या. एकीने दुसरीला उलथन्याने परतल्यासारखे केले, आणि दोघी हसत बसल्या. माझी पाऊण तास अशी तपश्चर्या चालली होती.

आई तेवढा वेळ पॅनभोवती एक प्रदक्षिणा घालून आली होती. परीक्षकाच्या चेहऱ्याने तिने तो कडेवरून वाकून पाहिला.

"ही काही कढई नव्हे," ती म्हणाली.

"कढई कोण म्हणतंय? फ्रायपॅन आहे तो."

"कढईला दोन कान असतात. आणि एवढा उथळ? ह्यात चकली बुडणार कशी?"

ती हे कितीतरी महिन्यांनी आपण होऊन बोलत होती. मी ऐकत होतो, पण माझा डोळा कॅमेऱ्याला होता. त्या दोघी बायका नेमक्या तेव्हा उठल्या. पॅन रिकामा झाला. उजेड जसा हवा तसा. आणि चौकटीच्या मधोमध आई.

"आई, जरा बाजूला हो."

ती लगेच झाली.

मी सात फोटो घेतले. सगळे चांगले आले. एकातच डाव्या कोपऱ्यातून आईची लांब सावली आत आली होती. ती मी नंतर कापून टाकली.

ती लगेच बाजूला झाली याचे मला तेव्हा काही वाटले नाही, कारण ती नेहमीच होत आली होती. अण्णांकडे आगफाचा ‘क्लिक थ्री’ होता. एका रोलात बारा फोटो, आणि अण्णा रोल सहा महिने पुरवायचे. आमचा गिरगावातला सगळा संसार त्या बारा-बाराच्या हिशोबात मावला आहे: मुंजी, बारशी, ताईचे गॅदरिंग, आणि मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. मुंबईच्या ज्या मुलाचा त्या बुटाच्या खिडकीतून डोकावतानाचा फोटो नाही तो मुंबईचा मूल नव्हे. माझे तसे तीन आहेत. एका फोटोत मी आणि ताई, एकात आत्या, काका, शेजारचे काका. आई एकातही नाही. ती कुठे होती? ती कॅमेऱ्याच्या अलीकडे, अण्णांच्या शेजारी उभी होती. तिच्या एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात माझे बूट, खांद्याला पिशवी. एवढे सामान घेऊन माणसाने फोटोत यावे कसे? अण्णा कधीतरी "तूही ये" म्हणायचे; ती म्हणायची, "मुलांचा घ्या, रोल संपेल." वाचकांनी आपापल्या घरचे जुने आल्बम काढून पाहावेत. आई नसल्याचे पुष्कळ फोटो सापडतील.

तर माझे सात फोटो झाले, मी खूश झालो, आणि पायऱ्या चढून कड्यावरची इतर शिल्पे घ्यायला गेलो. ताई आणि भाची आईजवळ राहिल्या. अर्ध्या तासाने वर वाऱ्याबरोबर हसण्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते मला लगेच कळले नाही, ही गोष्ट लिहितानाही बरी वाटत नाही. कठड्यावरून खाली पाहिले. पॅनमध्ये आई मांडी घालून बसली होती. ताई वाळूवर गुडघे टेकून पोट धरून हसत होती. सात वर्षांची भाची ताईचा मोबाइल दोन्ही हातांनी धरून मागे मागे सरकत होती. कॅमेऱ्यावर रुंद दृश्याचे भिंग होते. त्यातून आई तिळाएवढी दिसत होती. लांबचे भिंग पिशवीत होते. ते काढून, झाकणे सांभाळून, बसवून कॅमेरा वर करीपर्यंत आई उतरून चपला घालीत होती.

काय झाले ते ताईने मला रात्री सांगितले. भाची आजीला ओढत होती, "आजी, आत बस ना." आई नको नको म्हणत होती. मग एकाएकी तिने चपला काढल्या आणि म्हणाली, "यंदा कढई चढली नाही ना? मग मीच चढते." ताईचा हात धरून ती आत उतरली आणि पाटावर बसावे तशी मांडी घालून बसली. दोन्ही तळवे खाली टेकवले. पॅनला उन्हाची ऊब आली होती. ती म्हणाली, "काही नाही गं, नुसता कोमट आहे. तुझे अण्णा असते तर म्हणाले असते..." आणि तिथे थांबली. ताईला वाटले, आता रडते. आईने मान वर केली आणि पुरे केले, "पहिला घाणा कच्चा." मग दोघी जी हसल्या ती मला कड्यावर ऐकू आली. भाचीला त्यातले अक्षरही कळले नव्हते. तिला आजी हसताना दिसली, तिने बटण दाबले.

परतताना गाडीत आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "ह्यांना समुद्र आवडायचा." सहा महिन्यांत ते पहिलेच. कुणी काही बोलले नाही. मेव्हण्यांनी चुकीचे वळण घेतले आणि आम्ही घरी अर्धा तास उशिरा पोहोचलो.

मुंबईला आल्यावर स्टाफरूममध्ये मी माझे फोटो दाखवले. सातांतला सर्वांत चांगला मोठा करून आणला होता. काळ्या रंगातल्या छटा, कडेची चमक, वाळूचे कण. इतिहासाच्या प्राध्यापिका बऱ्याच वेळ तो न्याहाळून म्हणाल्या, "फोटो छान आहे हो. पण बीचवर स्वयंपाकाचं सामान घेऊन गेला होतात?" बाकीच्यांनाही तसेच वाटले होते. माझ्या फोटोत तो एक साधा घरगुती पॅन होता, वाळूत कुणीतरी विसरून गेलेला आणि मी जवळ जाऊन टिपलेला! तो केवढा होता हे सांगायला फोटोत काहीच नव्हते. सांगणारे सगळे मी पाऊण तास खपून बाहेर काढले होते.

आणि मी शिकवतो काय, तर अलंकार. अतिशयोक्ती शिकवताना दर वर्षी फळ्यावर लिहून देतो की हिला शेजारी एक साधी, मापाची गोष्ट लागते. ती असली की अतिशयोक्ती कळते, नाहीतर ते नुसते विधान. अमेरिकेत क्लेस ओल्डेनबर्ग नावाच्या शिल्पकाराने फिलाडेल्फिया शहरात १९७६ साली कपडे वाळत घालायचा चिमटा इमारतीएवढा करून उभा केला आहे. खालून ये-जा करणारी माणसे असतात म्हणूनच तो चिमटा थोर. म्हातारीचा बूट मुलांशिवाय पाहिला तर नुसते जुने बांधकाम दिसते. हे सगळे मला माहीत होते. भाचीला यातले काही माहीत नव्हते, पण तिच्या फोटोत पॅन केवढा आहे ते आंधळ्यालाही कळेल, कारण त्यात पाच फूट उंचीची एक बाई मांडी घालून बसली आहे आणि चारही बाजूंना जागा उरली आहे. शिवाय समुद्र मागे घेऊनही आईचा चेहरा काळा पडलेला नाही. सूर्य तोवर वर आला होता आणि वाळूवरून उसळलेला उजेड खालून तिच्या तोंडावर आला. यासाठी लोक चंदेरी पत्रे घेऊन हिंडतात.

आई २०२१ च्या श्रावणात गेली. दहाव्याच्या आत फोटो मोठा करून आणायचा म्हणून मी घरातले सगळे आल्बम आणि मोबाइल उलटेपालटे केले. तिचा एकटीचा असा फोटो सापडेना. लग्नकार्यांतल्या घोळक्यांत होती, पण कुणाच्या तरी खांद्यामागे. अखेर दोन मिळाले, आणि दोन्ही त्याच प्रवासाचे. एक व्हिसासाठी काढलेला, दुसरा हा. व्हिसाच्या फोटोत हसायचे नसते. त्यात आई अशी बघते आहे की जणू तीच आपल्याला देशात घ्यावे की नाही ते ठरवणार आहे.

मी हा दुसरा पुढे केला. थोरले मामा पंच्याऐंशीचे. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "ही कशात बसलीय?"

"फ्रायपॅनमध्ये."

"फ्रायपॅनला हार घालायचा?"

कुणी म्हणाले, तेवढा चेहरा कापून घ्या. फ्रेमवाल्याने संगणकावर ते करून दाखवले. पॅन गेला, वाळू गेली, समुद्र गेला, जोडून ठेवलेल्या चपला गेल्या. उरली ती एक म्हातारी बाई, उगाचच हसणारी. मी म्हटले, राहू द्या. तेव्हा दिवाणखान्यात, अण्णांच्या शेजारी, व्हिसाची आई आहे. आल्यागेल्याला तो फोटो पसंत पडतो. चेहऱ्यावर तेज आहे म्हणतात. हा दुसरा मी अख्खाच्या अख्खा, बोटाच्या डागासकट, फ्रेम करून स्वयंपाकघरात लावला. त्या दिवाळीला पुन्हा आमच्या घरात कढई चढली नाही. फराळाची ताटे आली. ती मी या फोटोखालच्या ओट्यावर रचून ठेवीत होतो.

पुढच्या वर्षी सौ.ने आईचीच कढई काढली, घासली, शेगडीवर ठेवली. पहिला घाणा निघाला. चिरंजीव, जे आता कॉलेजात आहेत आणि मराठी सोडून बाकी सगळे शिकतात, स्वयंपाकघराच्या दारात आले, चकली मोडली, कानाशी धरली आणि म्हणाले, "कच्चा."

"मग खाऊ नकोस," सौ. म्हणाली.

फोटोची जागा काही बरोबर नाही, हे मला कबूल आहे. शेगडीला फार जवळ पडते. तळण सुरू झाले की काचेवर तेलाचे बारीक शिंतोडे उडतात, त्यावर भाजणीचे पीठ बसते, आणि भाऊबीजेपर्यंत समुद्र दिसेनासा होतो. सौ. म्हणते, दोन हात पलीकडे सरकवा. दर वर्षी मी हो म्हणतो, लिंबाचे साल आणि कोमट पाणी घेऊन काच पुसतो, आणि खिळा आहे तिथेच राहतो.